लेझरचे पैसे घेतले आणि तोंडाला ॲसिड फासलं

आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी अजून अर्धाच सांगितलाय. २९,५०० रुपये. ५,००० मी यूपीआयने दिले आणि उरलेल्या २४,५०० चं कर्ज त्या स्किन क्लिनिकवाल्यांनी माझ्याच मोबाईलवर, माझ्याच ओटीपीने काढलं. दहा हप्ते. दर ५ तारखेला २,४५० कटतात.

मी काही डोळे झाकून गेले नव्हते. गालावर कॉलेजपासूनचे पुटकुळ्यांचे खड्डे आहेत, मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न होतं, म्हणून आधी खऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडेच गेले होते. त्यांनी नीट समजावलं होतं. पीलने, म्हणजे ॲसिड लावून वरची साल काढतात त्याने, वरवरचे डाग उजळतात, खोल खड्डे भरत नाहीत. खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल सीओटू लेझर (बारीक ठिपक्यांत कातडी भाजणारं). पण आपल्यासारखी सावळी कातडी भाजली की काळी पडते, त्यात सोलापूरचं ऊन, तेव्हा दिवाळीनंतर या. एका सिटिंगचे ६,००० सांगितले. बरोबरच होतं सगळं. पण लग्न दिवाळीनंतर नव्हतं ना!

मग मोबाईलवर ती जाहिरात. ‘नॉन-सर्जिकल स्किन रिसरफेसिंग, लेझरचे ६ सेशन, एक दिवसही सुट्टी नको, ४२,००० चे फक्त आज २९,५००.’ (तो ‘आज’ अजून संपलेला नाही, कालच पुन्हा दिसली.) पुढचं तुम्हाला माहीतच असेल. एसी, पांढरे दिवे, वाक्यावाक्याला ‘दीदी’ म्हणणारी पांढऱ्या कोटातली मुलगी, आणि मुंबईहून येणारे पण त्या दिवशी न आलेले डॉक्टर.

शनिवार होता, सकाळची शाळा सुटल्यावर गेले. मशीन सुरू झालं, निळा दिवा लागला, टूं टूं वाजलं. गालावरून काहीतरी गार फिरलं. इथेच उठायला हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लेझरआधी बधीर करणारं मलम लावून पाऊण तास बसवतात, डोळ्यांवर जाड चष्मा देतात, नंतर चार-पाच दिवस बारीक खपल्या राहतात. इथे डोळ्यांवर कापसाचे दोन बोळे. ज्या लेझरला चष्मा लागत नाही ते लेझर नाही, एवढं तरी लक्षात ठेवा.

मग तिने ब्रशने काहीतरी लावलं आणि गालाची आग आग झाली. मी बोळे काढून आरसा मागितला. दोन्ही गालांवर पांढरा थर, खडू फासावा तसा.

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. अंड्याच्या पांढऱ्यावर ॲसिड टाकलं की ते दुधाळ होऊन गोठतं, हे दरवर्षी मुलांना करून दाखवते. आरशात तेच दिसत होतं, फक्त अंड्याच्या जागी माझा गाल होता. खड्ड्यांच्या लेझरने असा सलग थर येत नाही, तीव्र ॲसिडने येतो. ट्रेवर बाटली होती, तिचं लेबल नखाने खरवडलेलं. तेही मी पाहिलं. आणि विचारलं काय, तर “थोड्या वेळाने कमी होईल ना?”

“दीदी, लेझर काम करतंय.”

गप्प बसले. कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज तासाभरापूर्वीच आला होता आणि २९,५०० म्हणजे माझा जवळजवळ दीड महिन्याचा पगार. मूर्ख म्हणा हवं तर. पण तिथे झोपलेलं असताना, तोंडाची आग होत असताना माणूस भांडत नाही.

भर दुपारी एक वाजता स्कार्फ गुंडाळून स्कूटीवरून घरी आले. तिसऱ्या दिवशी सालं निघाली, आठवड्यात दोन्ही गाल काळे. लग्नात मेकअपवालीने १,५०० जास्त घेतले. त्याच डॉक्टरांकडे मान खाली घालून परत गेले, ते रागावलेसुद्धा नाहीत. मलमांचे आतापर्यंत ७,३४० झालेत आणि डाग जायला अजून काही महिने तरी लागतील म्हणतात.

आता तक्रारीचं ऐका. क्लिनिक म्हणतं, “तुमची स्किनच सेन्सिटिव्ह, फॉर्मवर सही आहे.” पोलीस म्हणाले, “मॅडम, तुम्ही स्वतःहून गेलात, पैसे स्वतः दिलेत. हे सिव्हिल मॅटर आहे.” वर एकजण हळूच दुसऱ्याला म्हणाला, “गोरं व्हायला गेल्या असतील.” मला ऐकू येतं हो! एका सरकारी कार्यालयात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा अर्ज दोन प्रतींत हवा, तिसऱ्यांदा कळलं की टेबलच चुकलं. डॉक्टरांची नोंदणी जिथे होते तिथे चौकशी केली तर तिथलं उत्तर सगळ्यांवर कडी: कोट घालणारी व्यक्ती डॉक्टरच नाही, म्हणजे ती आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे खऱ्या डॉक्टराने चूक केली तर कारवाई, आणि ज्याला पदवीच नाही तो मोकळा? कर्ज देणारी कंपनी म्हणते, उपचार आवडले नाहीत तो तुमचा प्रश्न, हप्ता चुकला तर सिबिल बिघडेल.

एक उपाय शिल्लक आहे, तो करतेय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. फोटो मात्र पहिल्या दिवसापासून तारखेसकट काढून ठेवा, माझा पहिला फोटो चौथ्या दिवसाचा आहे. दुसऱ्याच्या हातात मोबाईल देऊन ओटीपी सांगू नका. दारावर ‘स्किन स्पेशालिस्ट’ लिहिलेलं असलं तरी पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा, आणि चेहऱ्याला हात लावणार कोण तेही. कानामागे थोडंसं लावून बघा म्हणा, नाही म्हणाले तर चपला घाला.

त्या शनिवारी माझ्यानंतर दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर लग्नपत्रिकांची पिशवी होती, ती मला म्हणाली, “ताई, दुखत नाही ना?” मी नाही म्हणाले. ती हे वाचत असेल तर पावती फाडू नकोस गं, आयोगात दोघी मिळून जाऊ.