इंदूरचा सराफा: रंग चढलेले चांदीचे रुपये घ्यायचे तर

इंदूरच्या सराफ्यात रोजच्या बाजारभावात चौरसा आणि टंच या चांदीच्या प्रकारांच्या जोडीला ‘चांदी सिक्का, प्रति नग’ असा वेगळा भाव निघतो. व्हिक्टोरियाचा किंवा पंचम जॉर्जचा साधा रुपया बहुतेक दुकानांत त्याच्याच आसपास मिळतो. वर्षानुवर्षं पडून नाण्यावर आपोआप चढलेल्या सोनेरी-निळ्या रंगाचे पैसे सराफ सहसा लावत नाही. त्याच्या लेखी ते नाणं काळं पडलेलं असतं. असा रंग हवा असणाऱ्या संग्राहकाचा फायदा इथेच.

अडचण पॉलिशची. लक्ष्मीपूजनाला गिऱ्हाइकाला चकचकीत रुपया लागतो, म्हणून दुकानात आलेला माल रिठ्यात, चिंचेत नाहीतर डिपमध्ये, म्हणजे चांदी उजळायच्या तयार द्रावणात, बुडवला जातो. डिपने रंग जातो, आणि पुन्हापुन्हा बुडवलं की टांकसाळीची मूळ तकाकीही जाते. पुढे ते नाणं नुसतं राखाडी पडतं. त्यामुळे ‘न धुतलेले दाखवा’ असं आधीच सांगावं. दिवाळीच्या तोंडावर तर जाऊच नये.

हल्ली ‘रेनबो’ म्हणून दामदुप्पट सांगितलेले रुपयेही दिसतात. त्यांत भाजलेले, गंधकाची वाफ दिलेले बरेच. खरा रंग म्हणजे चांदीवरचा सिल्व्हर सल्फाइडचा अतिपातळ थर. तो जसा जाड होतो तसा आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग निळा दिसतो. कागदी पाकिटात वर्षानुवर्षं पडलेल्या नाण्यावर कडेला निळा, आत किरमिजी आणि मध्यावर सोनेरी असा उतार बऱ्याचदा सापडतो. बनवलेल्यात निळा-जांभळा एकदम सुरू होतो, मधला पट्टा गायब. द्रावण वापरलं असेल तर रंग अक्षरांच्या खाचांत साचतो. नाणं तिरकं फिरवा: रंगाखालून तकाकीचा पट्टा गोल फिरला पाहिजे. झिजलेल्या, घासलेल्या रुपयावर भडक मोरपंखी दिसला तर सरळ परत करावा.

वजन काट्यावर बघाच. व्हिक्टोरियाचा, पंचम जॉर्जचा रुपया 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. 1940 ते 1945 च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच, पण वजन तेवढंच. घाईत दोन्ही एकाच भावात गळ्यात पडतात. वर्ष वाचून घ्या.

पॅकिंगला शून्य गुण. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात घालून देतात, त्याने काही काळात हिरवट चिकटा येतो. घरी नेऊन शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, दोन-तीन मिनिटं ठेवावं आणि न पुसता वाळू द्यावं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. ॲसिटोनने सल्फाइडचा रंग जात नाही. गेलाच तर तो वरून फासलेला होता. मग मायलारचं (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकचं) पाकीट, डब्यात सिलिका जेलची पुडी. रबरबँड लांब.

एकूण बाजाराला पाचापैकी साडेतीन गुण. जायचं ते दुपारी, नाणं दुकानाच्या पायरीवर उन्हात धरून बघता येतं. आतल्या पांढऱ्या दिव्यांच्या झगमगाटात खरा-खोटा रंग सारखाच दिसतो, आणि रात्री तिथे खाऊगल्ली भरते, गर्दी असते ती भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाची.