ठाणे स्टेशनजवळचं थंडीच्या कपड्यांचं दुकान: थर्मल मस्त, हातमोजे बकवास

दुकान गोखले रोडवरून आत एका गल्लीत आहे, बोर्ड पटकन दिसत नाही, पार्किंगचं तर नावच नको, स्कूटर लावायलाही मारामार. तरी पण उत्तरेकडे कुठे जाणार असाल तर मॉलमध्ये पैसे घालवायच्या आधी इथे एक चक्कर मारा. चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली लिहिलंय.

मला आवडलं ते म्हणजे काउंटरवरचे काका किती डिग्री असेल ते विचारतच नाहीत, कुठे जाताय आणि तिकडे धुकं पडतं का एवढंच विचारतात. आम्हाला आधी निफाडला दिरांकडे जायचं होतं आणि मग जानेवारीत लखनौला मुलीकडे, त्यामुळे ह्यांचं म्हणणं एकच जाडजूड जॅकेट घेऊ, दोन्हीकडे चालेल. काका म्हणाले, "साहेब, दोन्हीकडे चालेल असं काही नसतं हो," आणि दोन वेगळे ढीग समोर टाकले.

निफाडसाठी पातळ थर्मल, त्यावर साधा स्वेटर, वर चेनवालं विंडचीटर. एकदम बरोबर निघालं. तिकडे पहाटे पारा पाच-सहावर, कधी त्याच्याही खाली, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात लोक, पण आभाळ स्वच्छ आणि हवा कोरडी असल्यामुळे रात्री जमिनीची ऊब भराभर निघून जाते आणि सकाळी ऊन आलं की तितकंच भराभर तापतं, दहा वाजता विंडचीटर काढलं, अकराला स्वेटर, दुपारी जाऊबाई पंखा लावू का विचारतायत! फक्त ओठ फुटतात, टाचा भेगाळतात आणि स्वेटर डोक्यातून काढताना केस चटचट वाजतात, व्हॅसलीन न्यायला विसरू नका.

लखनौची गोष्टच वेगळी. आकडा बघितला तर सकाळी आठ-नऊ, म्हणजे निफाडपेक्षा जास्तच, पण दुपार झाली तरी पारा चौदा-पंधराच्या वर सरकेना, दिवसभर धुकं, सूर्य नुसता पांढरा ठिपका, रजाईत शिरलं तर रजाईच ओलसर, दोरीवरचे टॉवेल आहेत तसेच गार. निफाडला थंडी अंगावर येते आणि शेकलं की जाते, इथे ती हाडात मुरून बसते.

काकांचं म्हणणं ओल्या हवेतून गारवा लवकर घुसतो. ते अगदी तसं नाहीये खरं तर, कारण थंड हवेत पाणी मावतंच कमी, तीस डिग्रीला एक घनमीटर हवेत तीसेक ग्रॅम वाफ मावते तर शून्याला जेमतेम पाच. खरा घोटाळा कपड्यांचा असतो. स्वेटरच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा आपल्याला गरम ठेवते आणि पाणी त्या हवेच्या वीस-पंचवीस पट जोरात उष्णता ओढून घेतं, त्यामुळे कपडा जरा दमट झाला की खेळ खल्लास. त्यात ऊन नाही, भिंती गार. पण सल्ला मात्र काकांचा शंभर टक्के बरोबर होता, अंगाला सुती गंजी अजिबात नको, खरी लोकर घ्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पिऊनही ओली लागत नाही, सुती बनियन मात्र घाम आला की अंगाला चिकटून गारठवतं.

पिसांचं फुगीर जॅकेट मी मागितलं होतं, त्यांनी स्वतःहून नको म्हटलं (महाग होतं, विकलं असतं तर त्यांचाच फायदा). लेह-लडाखला बेस्ट, कारण तिकडे हवा कोरडी, पण पिसं दमट झाली की चपटी होतात आणि ऊब संपली. मुलीच्या शेजारच्यांकडे तसलं होतं, बाहेर फिरून आले की हीटरसमोर वाळवत बसायचे.

आता तक्रारी. ट्रायल रूम नाही, पडद्यामागे उभं राहून थर्मल चढवायचं, बायकांना ऑकवर्ड होतं. बदलून देतात पण पैसे परत नाही. थर्मलच्या पँटचं इलॅस्टिक दोन धुण्यांत सैल झालं. आणि ते लोकरीचे म्हणून दिलेले हातमोजे शुद्ध ॲक्रिलिक निघाले, लेबल आतल्या बाजूला शिवलेलं होतं, तेव्हा उलटं करून वाचा.

ठाण्यात वापरायला म्हणून मात्र इथलं जाड काही घेऊ नका. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 ला 7.4 डिग्री नोंदलं गेलं होतं, ती गोष्ट सोडा, आपल्याकडे उत्तरेचा कोरडा वारा सुटला तर घोडबंदर-येऊरच्या बाजूला सकाळी मफलर लागतो, वारा फिरून खाडीकडची दमट हवा आली की परत घाम. त्यासाठी पातळ थर्मल पुरतं, ते हजाराच्या आत मिळतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, साइज शिल्लक राहत नाहीत, शनिवारी संध्याकाळी तर आत शिरायलाच मिळत नाही.