शार्कच्या इंटर्नशिपसाठी भरलेले १,६८,०४० रुपये

खोट्या इंटर्नशिपच्या फसवणुकीत गेलेला आकडा पूर्ण लिहिते, कारण "थोडेफार पैसे गेले" म्हटलं की लोकांना चार-पाच हजार वाटतात. रजिस्ट्रेशनचे ३,५४०. सीट पक्की करायला ४५,०००. राहण्याचे आणि बोटीचे ९२,०००. व्हिसासाठी 'परत मिळणारी अनामत' २७,५००. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी मुदत ठेव मोडून हे पैसे दिले.

मी रत्नागिरीत प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष. प्रोजेक्टसाठी दीड वर्ष पहाटे मिरकरवाडा बंदरावर जाते. बोटी लागल्या की लिलावाआधी जेवढ्या मुशी, म्हणजे शार्कच, हाताशी येतील तेवढ्यांना नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप लावायची, नर की मादी बघायचं, ओल्या हाताने वहीत लिहायचं. बर्फातून बाहेर काढलेल्या मेलेल्या मुशीच मी आजवर पाहिल्यात. जिवंत शार्क पाण्यात बघायचा होता. मला फसवणाऱ्यांनी नेमकी हीच इच्छा ओळखली.

दक्षिण आफ्रिकेत गान्सबाय, चार आठवडे, 'ग्रेट व्हाइट शार्क रिसर्च इंटर्नशिप'. इंटर्नशिपला स्वतःचे पैसे कशाला भरायचे, असं ज्यांना वाटतंय त्यांना सांगते: या क्षेत्रात खरे प्रकल्पही फी घेतात. गान्सबाय, मॉसेल बे इथे परदेशी विद्यार्थी पैसे भरून जातात, बोटीवर नोंदी करतात, पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेच्या खाचांवरून एकेक शार्क ओळखायला शिकतात. म्हणून फी मागितली तेव्हा मला शंका आली नाही. मी बिनडोक नव्हते, हे मला लिहायचंच आहे.

पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती पाहिली नाही. त्याच सेमिस्टरला मी वर्गात सेमिनार दिला होता. विषय: गान्सबायचे शार्क कुठे गेले? २०१७ पासून तिथे 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड' नावाचे दोन किलर व्हेल पांढऱ्या शार्कना मारून त्यांचं यकृत खातात. शार्कनी तो भाग सोडला, महिनोन् महिने एकही दिसेनासा झाला. वीस मिनिटं मी हे स्लाइडवर दाखवून बोलले, सरांनी शाबासकी दिली. आणि पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉलवर इंटर्नशिपवाल्या बाई म्हणाल्या, "रोज आठ-दहा ग्रेट व्हाइट टॅग करायला मिळतील." मी काय म्हणाले? "थँक यू, मॅम."

माहितीपत्रकावरचा फोटो तर त्याहून वाईट. निळंशार पाणी, ठिपक्यांचा प्रचंड मासा आणि शेजारी साध्या पोहण्याच्या कपड्यांतल्या दोन मुली. गान्सबायचं पाणी थंड, हिरवट, जाड वेटसूटशिवाय कोणी उतरत नाही. आणि ठिपकेवाला मासा म्हणजे व्हेल शार्क, आपल्याकडे गुजरातच्या किनाऱ्याला येतो तो. मी रोज मुशीच्या जाती ओळखते. हा फोटो मी मैत्रिणींना पाठवला, स्टेटसला ठेवला. त्या क्षणाची आठवण आली की अजून रात्री झोप उडते.

दक्षिण आफ्रिकेत पांढऱ्या शार्कला १९९१ पासून कायद्याचं संरक्षण आहे. टॅग लावायचा म्हणजे परवाना हवा. परवाना कोणाच्या नावावर आहे, हा एक प्रश्न विचारा. मी विचारला नाही. पैसे संस्थेच्या नव्हे, एका माणसाच्या बचत खात्यात गेले. ३,५४० मध्ये अठरा टक्के जीएसटी धरला होता, पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. पावती नीट वाचा.

पाचव्यांदा 'फॉरेक्स क्लिअरन्स'चे ३८,००० मागितले तेव्हा मी थांबले. ज्या बोटवाल्यांकडे पाठवणार होते, त्यांना मी स्वतः मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: या नावाचं कोणी आम्हाला माहीत नाही, भारतात आमचा एजंट नाही. फुकटात झालेलं हे काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

मग पोलीस ठाणं. तिथे पहिलाच प्रश्न: "मासे मोजायला आफ्रिकेत कशाला जायचं?" बाबा शेजारी उभे होते. साहेब म्हणाले, तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी मामला. मी सांगितलं की खोटं सांगून पैसे घेणं हा गुन्हाच आहे, तर म्हणाले, "मग ऑनलाइन टाका." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. तो घेऊन परत ठाण्यात गेले तर खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडे जा. गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार नोंदवून घेऊन पुढे पाठवायची असते, हे मला वाचून माहीत होतं, पण ऐकतो कोण? चार खेपा. एकदा तीन तास बाकावर बसवून "ते साहेब सुट्टीवर आहेत." बँकेने समोरच्या खात्यातले ११,२०० गोठवलेत असं कळलं. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे. वकिलाची फी त्याहून जास्त होते. बाबांनी आता विचारणंच सोडलंय, आणि मला ते सगळ्यात जास्त लागतं.

१९३० वर पैसे गेल्या गेल्या फोन करा, लाजेपायी माझे सहा दिवस गेले. पासपोर्टची प्रत पाठवू नका, माझी त्यांच्याकडे आहे आणि तिचं ते काय करतील याची धास्ती आहे. व्हिसा त्या देशाचं सरकार देतं, अनामत घेणारा एजंट नाही. आणि प्राध्यापकांना दाखवा. मी दाखवलं नाही, वाटलं की सर दुसऱ्याच कोणाला पाठवतील.

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरने मला त्यांचा नवा मेसेज दाखवला. नाव बदललंय, सीटचे पैसे तेच ४५,०००. फोटोही तोच, ठिपक्यांचा मासा आणि त्या दोन मुली. खाली आता 'मालदीव' लिहिलंय, म्हणजे पाण्याचा रंगही जुळतो. तिने रजिस्ट्रेशनचे पैसे भरले होते. मी तिला घेऊन त्याच ठाण्यात गेले.