अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे : एकाच चित्रपटातील दोन तऱ्हा

सचिन पिळगांवकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) नुकताच पुन्हा पाहिला, आणि अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदातील फरक प्रकर्षाने जाणवला. घरमालक सरपोतदारांना त्यांचे सत्तर रुपये बुडाल्याची बातमी देताना अशोक सराफांचा धनंजय माने चेहऱ्यावरची सुतकी कळा जराही ढळू देत नाही. हशा पिकतो तो शब्दांपेक्षा त्या शब्दांआधी घेतलेल्या किंचितशा विरामामुळे, आणि असा विराम नेमका साधायला रंगभूमीवरची वर्षानुवर्षांची तालीमच लागते. लक्ष्मीकांत यांचा परशुराम मात्र सर्वांगाने बोलतो. पार्वती नावाच्या बाईच्या वेषातला त्याचा अवघडलेपणा, मध्येच चढणारा आवाज आणि भेदरलेले डोळे पाहताना प्रेक्षकाला त्याची दया येते, आणि ही निरागसता, माझ्या मते, मराठी पडद्यावर पुन्हा तितक्या सहजतेने दिसली नाही.

तरीही निवड करायची झाल्यास माझे मत अशोक सराफांच्या पारड्यात पडेल, कारण 'धुमधडाका'मधील (१९८५) पाईप ओढणारा यदुनाथ जवळकर आणि हा माने एकाच नटाने उभे केले आहेत, यावर सहजासहजी विश्वास बसत नाही.