५८ सीसीचा चेनसॉ: कापायला बरा, स्लोला हट्टी

सहा ते दहा हजारांच्या आसपास मिळणारा ५८ सीसीचा पेट्रोल चेनसॉ हा एका कंपनीचा माल नाही. झेनोआ या जपानी कंपनीच्या जुन्या मॉडेलच्या धाटणीचं चिनी बनावटीचं तेच इंजिन, त्यावर लाल नाहीतर नारिंगी प्लास्टिक आणि वर ज्याचा त्याचा स्टिकर. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका नावाचा नाही, या जातीचा आहे. २२ इंची बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी), ०.३२५ इंच पिचची, ८६ ड्राइव्ह लिंकांची (बारच्या खाचेत बसणाऱ्या दातांची) साखळी, साधारण अर्ध्या लिटरची पेट्रोलची टाकी आणि वॉलब्रो कंपनीच्या धाटणीचा डायफ्रामचा कार्बोरेटर. यातलं बहुतेक सगळं एका मशीनचं काढून दुसऱ्याला बसतं, आणि हीच या मशीनची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

कापण्याच्या कामाला नावं ठेवायला फारशी जागा नाही. वादळात आडवा झालेला आंबा, काजूच्या वाळक्या फांद्या, बांधावरची बाभूळ, वर्षाचं सरपण एवढ्याला ताकद पुरेशी आहे. फक्त २२ इंची बार या इंजिनाला जरा जास्तच होतो. १८ किंवा २० इंची घेतलात तर साखळी जड लाकडात रखडत नाही. बारच्या तेलाचा पंप मशीन नुसती ठेवली तरी थोडं तेल गाळतो, तेव्हा खाली पुठ्ठा टाकायचा आणि विसरायचं.

खरी तक्रार वेगळीच. मशीन नवी कोरी. दोन-चार ओढीत चालू होते, रेस दिली की झकास ओरडते, पण ट्रिगर सोडून खाली ठेवली की अर्धा-एक मिनिट घुटमळते आणि बंद. मेकॅनिकच्या भाषेत ‘स्लोला धरत नाही’. अशी मशीन दुकानात परत नेली की बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो: ‘टी’ अक्षराजवळचा आयडलचा स्क्रू अर्धा-पाऊण आटा आवळून हातात देतात. मशीन बंद पडायची थांबते आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. पण आता ट्रिगर सोडल्यावरही साखळी फिरत राहते, आणि ते गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं कधी, तर मशीन मांडीशी धरून पुढच्या फांदीकडे वळताना.

या इंजिनाचा स्लो, म्हणजे ट्रिगर सोडल्यावरचा वेग, मिनिटाला २,८०० ते ३,२०० फेऱ्यांचा हवा. ४,००० च्या आसपास क्लच साखळीला पकडू लागतो. मधली जागा एवढीच आहे. स्लो धरत नाही याचं मूळ कारण बहुतेक वेळा पेट्रोल आणि हवेच्या प्रमाणात असतं, आणि टीचा स्क्रू त्या प्रमाणाला हातही लावत नाही. तो फक्त थ्रॉटलची पाकळी थोडी जास्त उघडी धरतो.

पाना हातात घेण्याआधी मशीन मरताना कशी मरते ते ऐका. निम्मं निदान तिथेच होतं. ट्रिगर सोडल्यावर आवाज आधी एकसारखा, मग आपोआप चढू लागला, बारीक आणि तीक्ष्ण झाला आणि पटकन तुटला, तर पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. म्हणजे लीन. सुरुवातीची वीस-तीस सेकंदं मशीन नीट चालते, कारण चोक ओढताना आणि रेस देताना क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पोकळीत) साचलेलं जास्तीचं पेट्रोल तिला पुरतं. ते जळून संपलं की कार्बोरेटरची खरी सेटिंग उघडी पडते. उलट आवाज हळूहळू बसत गेला, भक-भक करत धूर वाढला आणि गुदमरल्यासारखी बंद पडली, तर पेट्रोल जास्त होतंय. म्हणजे रिच. स्लोला न जळलेलं पेट्रोल आत साचत जातं आणि शेवटी प्लग भिजतो. प्लग काढून पाहा: रिचला टोक काळं, ओलसर, बोटाला काजळी लागणारं, लीनला पांढुरकं, कोरडं. चहात थोडं दूध घातल्यासारखा तपकिरी रंग दिसला तर मिश्रण जागेवर आहे, दोष दुसरीकडे शोधा.

नवी मशीन असेल तर शंभरात बहुसंख्य वेळा ती लीन निघते, आणि याला आपल्याकडे एक खास कारण आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साधारण १३.५. म्हणजे साध्या पेट्रोलवर बरोबर बसलेला स्क्रू ई-२०वर सुमारे ८ टक्के लीन पडतो. कारमध्ये सेन्सर ते भरून काढतो. इथे सेन्सर म्हणजे तुम्ही आणि स्क्रू ड्रायव्हर.

तेलाचं प्रमाणही यातच येतं. मॅन्युअलमध्ये २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचं, डब्यावर ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ लिहिलेलं टू-टी ऑइल घ्या. बाइकचं २०डब्ल्यू-४० अजिबात नाही. ‘तेल जास्त घातलं तर इंजिनाला बरं’ हा लुना-स्कूटरच्या काळातला समज अजून चालू आहे. जास्त तेलाने त्याच मापात पेट्रोल कमी जातं, मिश्रण आणखी लीन होतं आणि वर प्लगही घाण होतो. मिक्स महिन्याच्या आत संपवा, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि एका मर्यादेपुढे ते पाणी इथेनॉलसकट तळाशी बसतं. शंका आली तर काचेच्या ग्लासात थोडं पेट्रोल ओतून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते मशीनमध्ये घालू नका.

स्क्रूला हात लावण्याआधी काही फुकटच्या गोष्टी तपासून घ्या. चोकची दांडी पूर्ण आत गेली आहे ना? या धाटणीत चोक ओढला की ट्रिगर अर्धवट उघड्या जागी अडकतो. दांडी आत ढकलली तरी ट्रिगर एकदा दाबून सोडेपर्यंत तो तिथेच असतो. पुष्कळ जण हाच वाढीव वेग ‘स्लो’ समजतात आणि ट्रिगरला बोट लावल्यावर मशीन का बसली म्हणून गोंधळतात. एअर फिल्टर काढून झटका. मग मशीन बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण हळूच उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि नंतर मशीन काही मिनिटं नीट चालली, तर टाकीचा व्हेंट (हवा आत घेणारं भोक) तुंबलाय. आत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरचा पंप पेट्रोल ओढू शकत नाही. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढा. नव्या टाकीतही प्लास्टिकचा कीस सापडतो, आणि फिल्टर नळीवरून निसटून खाली पडलेला असणं काही दुर्मीळ नाही.

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायचा ती जागा: कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधलं रबर. फिल्टरचं घर काढलं की कार्बोरेटर धरून ठेवणारे दोन फास्टनर दिसतात. नव्या मशीनमध्ये ते बोटाने फिरतील इतके सैल सापडतात. पहिल्या दोन-तीन टाक्यांच्या थरथरीत आणखी सैल होतात. कार्बोरेटर दोन बोटांत धरून हलवा. जरासुद्धा खेळ असला तर मशीन तिथून चोरून हवा ओढतेय. अशा फटीतून येणारी हवा थोडीच असते, पण स्लोला इंजिन मुळात घोटभरच हवा घेतं, म्हणून तेवढ्यानेही प्रमाण बिघडतं. फुल रेसला तोच दोष दिसतसुद्धा नाही. दोन्ही फास्टनर आलटून पालटून थोडे थोडे आवळा. रबरात आणि प्लास्टिकमध्ये बसलेले असल्याने जोर लावला तर आटे जातात. मधलं कागदी पॅकिंग उलटं बसलं असेल तर क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणारं बारीक भोक झाकलं जातं. पंपाला धक्काच मिळत नाही, मग मशीन स्लोला काय आणि रेसला काय, उपाशीच. पॅकिंगचं भोक आणि बॉडीचं भोक समोरासमोर आहे का, हे उजेडात धरून बघायचं. रबर ताणून पाहिल्यावर बारीक चीर दिसली तर रबरच बदला, बॉन्ड लावून ते टिकत नाही.

मशीन सरळ उभी असताना चालते पण नाक खाली किंवा बाजूवर कलती केली की आवाज चढतो किंवा बंद पडते, हीसुद्धा बहुतेक वेळा हवा ओढण्याचीच खूण.

हे सगळं जागेवर असेल तरच ‘एल’ स्क्रू, म्हणजे स्लोला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा. काही मशीनवर स्क्रूला प्लास्टिकची टोपी असते किंवा डोक्याचा आकार वेगळा असतो, त्याचा ड्रायव्हर वेगळा मागवावा लागतो. मशीन तीन-चार मिनिटं गरम करा, फिल्टर लावलेलाच ठेवा, बार कशालाही टेकलेला नको. बंद करून एल घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या. टेकला की थांबा, आवळलात तर सुईचं टोक चेपतं आणि कार्बोरेटर कायमचा बिघडतो. तिथून सव्वा आटा बाहेर. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. चालू करून एल सावकाश आत-बाहेर फिरवा आणि ज्या जागी स्लो सगळ्यात वर चढतो ती जागा पकडा. तिथून पाव ते अर्धपाव आटा बाहेर, म्हणजे किंचित रिच. ई-२०साठी लागणारी भरपाई या एवढ्यात होऊन जाते. ट्रिगर झटक्यात दाबा: ‘खॅक’ करून अडखळली तर अजून लीन आहे, अर्धपाव आटा आणखी सोडा. लगेच उचलली पण मिनिटभर स्लोला ठेवल्यावर धूर ओकत जड झाली, तर जरा आत घ्या.

टीचा नंबर यानंतर. चेन ब्रेक सोडून पाहायचं, कारण ब्रेक लावलेला असेल तर फिरू पाहणारी साखळी दिसत नाही आणि क्लच आत घासत, तापत राहतो. टी आत घेत जा, साखळी सरकू लागली की अर्धा आटा मागे. मशीन त्याही वेगाला दोन मिनिटं निवांत चालली पाहिजे. चालत नसेल तर पुन्हा एलकडे या, टी वाढवू नका. स्लो अगदी खाली असतानाही साखळी ओढली जात असेल आणि त्या ओझ्यानेच इंजिन बसत असेल तर क्लचची स्प्रिंग सैल किंवा तुटलेली आहे. तो कार्बोरेटरचा दोष नाही.

‘एच’ला, म्हणजे फुल रेसचं पेट्रोल ठरवणाऱ्या स्क्रूला, हात लावू नका. तो आत घेऊन मशीन जास्त ओरडते म्हणून आनंद होतो, पण त्या वेगाला पेट्रोलबरोबर तेलही कमी पोचतं आणि पिस्टन सीझ होतो. ही दुरुस्ती या किमतीच्या मशीनला परवडत नाही.

काम करून पंधरा-वीस मिनिटांनी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्याशिवाय चालूच होत नाही, ही वेगळी जात. बंद पडल्या क्षणी प्लगवर ठिणगी आहे का ते बघा. नसेल तर कॉइल. कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर ०.३ मिमी, एक व्हिजिटिंग कार्ड मध्ये ठेवून स्क्रू आवळले की जमतं. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७.

हे सगळं करूनही मशीन हट्ट सोडत नसेल तर नवा कार्बोरेटर पाचशे-सातशेला मिळतो. जुना खोलून डायफ्राम, सुई, लिव्हरची उंची यांच्याशी झटापट करण्यापेक्षा तो बदलणं सोपं. मात्र नव्याबरोबर दोन्ही पॅकिंगं मागा, आणि तोही सव्वा आट्यापासूनच सेट करावा लागेल, डब्यातून बरोबर सेट होऊन येत नाही.

घ्यावी का? वर्षातून दहा-पंधरा दिवस बागेत काम आणि स्क्रू ड्रायव्हर धरायची तयारी असेल तर जरूर. रोज लाकूडतोडीचा धंदा असेल तर तिप्पट पैसे घालून जवळच्या तालुक्याला सर्व्हिस असलेली मशीन घ्या. दुकानातून घेणार असाल तर पैसे देण्याआधी तिथेच गरम करून, ब्रेक सोडून, दोन मिनिटं स्लोला ठेवून दाखवायला सांगा. वॉरंटी कार्डावर कार्बोरेटर धरला आहे की नाही तेही तेव्हाच वाचून घ्या.