रॅमवर संशय: मेमटेस्ट लावायचा की पट्ट्या काढून बघायच्या?

विंडोज टाकताना इन्स्टॉल कधी 35 टक्क्यांवर अडकतं, कधी 72 वर. पेनड्राइव्ह बदलूनही तेच, मग मी रॅमकडे वळतो.

मेमटेस्ट86 प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम फुकट आहे, थेट पेनड्राइव्हवरून चालतो. एक जरी लाल ओळ आली तरी गडबड पक्की. पण 16 जीबीच्या एका फेरीलाही बराच वेळ जातो, आणि रत्नागिरीच्या पावसात तेवढा वेळ सलग वीज राहील याची हमी कोण देणार? शिवाय दोष रॅमच्या पट्टीत की ती बसते त्या स्लॉटमध्ये, हे तो सांगत नाही.

पट्ट्या काढून बघणं गावठी वाटतं, पण आपल्याकडे आधी तेच करा. प्लग काढा, एकच पट्टी ठेवून इन्स्टॉल चालवा, मग दुसरी. माझ्या एका पट्टीच्या सोनेरी टोकांवर काळपट डाग होते, बहुधा खाऱ्या हवेची कृपा. साध्या खोडरबरानं हलकेच पुसली, चुरा झटकला, क्लिप टक्क वाजेपर्यंत दाबली. इन्स्टॉल पहिल्याच फटक्यात पार. मेमटेस्ट रात्री लावला, खात्रीपुरता.

आणि हो, दोन्ही वेळा बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं चालवणारी सोय, बंद ठेवा. नाहीतर धडधाकट रॅमही चोर ठरू शकते.