गाडीतला आवाज कमी करून देतो म्हणून ३५,२०० रुपये घेतले आणि दारात डांबर चिकटवून दिले

२०२५ च्या एप्रिलमध्ये माझ्या सात वर्षे जुन्या हॅचबॅकचे साउंड डॅम्पिंग (आवाज कमी करण्यासाठी पत्र्याला आतून शीट चिकटवणे) करून घेताना मी ३५,२०० रुपयांना फसलो. इतके दिवस हे शेजाऱ्यापाजाऱ्यांत कोणाला सांगितले नव्हते, कारण लाज वाटत होती. मात्र गेल्या आठवड्यात आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी त्याच दुकानाचे कार्ड पुढे करून "तुम्ही इथेच काम करून घेतलं होतं ना, कसं आहे?" असे विचारले, तेव्हा गप्प राहणे म्हणजे त्या दुकानदाराला मदत करणेच आहे हे माझ्या लक्षात आले.

हा खर्च मी हौसेपोटी केला नव्हता. आई पनवेलला बहिणीकडे असते आणि दर महिन्याला तिला तपासणीसाठी मी पुण्याला आणतो. तिला श्रवणयंत्र आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा, त्यात आमची गाडी लहान आणि हलक्या पत्र्याची. वेग ऐंशीच्या पुढे गेला की चाकांची जी एकसारखी घरघर सुरू होते, ती श्रवणयंत्रातून वाढून तिच्या कानात जाते. लोणावळ्याच्या आतच ती यंत्र काढून पर्समध्ये ठेवते आणि पुढचा सगळा प्रवास एकमेकांशी न बोलता होतो. त्यामुळे "आवाज निम्मा होईल, लेखी देतो" असे एका दुकानदाराने सांगितल्यावर मी तिथे ओढला गेलो. ज्यांना हे मूर्खपणाचे वाटेल त्यांनी अशा माणसाला शेजारी बसवून एकदा खंडाळ्याचा घाट उतरून पाहावा.

दुकानात पत्र्याचे दोन तुकडे टांगलेले होते. एक मोकळा आणि दुसऱ्याला चंदेरी शीट लावलेली. मोकळ्यावर टिचकी मारली की ठण्ण वाजायचे आणि दुसऱ्यावर नुसते ठप्प. हा फरक खरा आहे आणि त्यामुळेच तो फसवा आहे. डॅम्पिंग शीट पत्र्याचे थरथरणे थांबवते, पलीकडून येणारा आवाज अडवत नाही. टायरचा आवाज नक्षीत दाबल्या जाणाऱ्या हवेतून, रबराच्या आपटण्यातून आणि सस्पेन्शनमार्गे थेट सांगाड्यातून आत येतो. त्यासाठी जमीन, चाकांवरची कमान आणि डिकी इथे शीटच्या वर फोम आणि त्यावर जड अडसर असे थर लागतात, आणि तेवढे करूनही तो नाहीसा होत नाही, कमी होतो. दारांना शीट लावून टायरचा आवाज निम्मा होईल असे जो सांगतो त्याच्या दुकानातून उठून यावे.

ठरले ते असे: चार दारे, जमीन, डिकी आणि छत मिळून ब्यूटाइल रबराच्या दोन मिलिमीटर जाडीच्या २४ शीट, वर फोम, एकूण ३४,५०० रुपये. घासाघीस करून ३१,००० वर आले. त्यांपैकी १०,००० आगाऊ दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला की चाकांच्या कमानींना रबराचा फवारा मारल्याशिवाय उपयोग होणार नाही, त्याचे ४,२०० वेगळे. त्या वेळी सीट काढलेली, पॅनेल उघडलेले, गाडी त्यांच्या ताब्यात. नाही म्हणायला तोंड उरत नाही. अंगावर काम घेतल्यानंतर वाढीव रक्कम मागणे हा ठरलेला प्रकार आहे हे मला ठाऊक होते, तरी मी हो म्हणालो. पक्के बिल मागितले तर "मशीन बंद आहे, व्हॉट्सअॅपवर पाठवतो" असे उत्तर मिळाले. हातात आली ती कच्ची पावती आणि तीवर फक्त "अॅक्सेसरीज". पैसे गेले ते दुकानाच्या खात्यावर नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर कोणाचे नाव येते ते वाचा. मी वाचले होते आणि तरीही बटण दाबले.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही, त्याबद्दल. १९ एप्रिलच्या संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो. दार उघडले आणि वास आला. तो वास मला अनोळखी नव्हता. आदल्या जूनमध्ये आमच्या गच्चीला गळती लागली तेव्हा गॅसच्या ज्योतीने तापवून जी वरून चंदेरी असलेली डांबरी पट्टी चिकटवली होती, तिचा तो वास होता, अगदी तोच. मी अर्धा मिनिट दार धरून उभा होतो. दुकानदार म्हणाला, "सर, नवीन मटेरियल आहे, चार दिवसांत वास उडून जाईल." ब्यूटाइलला असा वास जवळजवळ नसतो हे मी आदल्या आठवड्यातच वाचले होते. नाकाला कळले होते, डोक्याला कळले होते, पण खिशातून २५,२०० द्यायचे बाकी होते, बाहेर दोन गिऱ्हाइके उभी होती आणि त्यांच्यासमोर "एक पॅनेल उघडून दाखवा" असे म्हणायचा मला संकोच वाटला. एक पॅनेल. दहा मिनिटांचे काम.

त्यानंतरची चाचणीही डोळ्यांदेखत खोटी होती. काम सुरू होण्याआधी त्यांनी मोबाइलवरच्या अॅपने आवाज मोजला होता तो शहराबाहेरच्या काँक्रीटच्या रस्त्यावर, ताशी ८० किलोमीटर वेगाने: ७६ डेसिबल. नंतरची मोजणी दुकानामागच्या नव्या डांबरी रस्त्यावर, ६० च्या वेगाने: ६७. वेग ऐंशीवरून साठवर आणला की टायरचा आवाज आपोआप तीन-चार डेसिबलने उतरतो आणि काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर आले की आणखी उतरतो, म्हणजे गाडीला हातही न लावता हा फरक दिसला असता. मी स्पीडोमीटरकडे पाहत होतो. काटा साठवर होता हे मला दिसत होते. तरी मी मान डोलावली आणि उरलेले पैसे दिले. मोजणी करायचीच तर तोच रस्ता, तोच वेग, फोन त्याच जागी, काचा बंद, पंखा बंद. यातले एकही बदलले तर तो आकडा निरुपयोगी आहे.

पाचव्या दिवशी आई गाडीत बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "अरे, डांबराचा वास कसला येतोय?" आवाज होता तेवढाच होता. लोणावळ्याच्या आतच तिने यंत्र काढले. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डाव्या दाराच्या खालून काळा ओघळ आला, तेव्हा मी आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे सगळी पॅनेल उघडून घेतली. २४ ऐवजी ११ तुकडे निघाले, सगळे डांबरी. पुढच्या दारांत स्पीकरच्या भोकातून जेवढे दिसते तेवढ्याच भागात, मागच्या दारांत काहीच नाही, जमिनीवर काहीच नाही, छताला हातही लावलेला नाही. डिकीत मात्र व्यवस्थित, कारण तिथली चटई कोणीही उचलून पाहतो. कमानींवरचा रबराचा फवारा म्हणजे काळा रंग होता, नखाने निघाला. सर्वांत संताप आला तो दाराच्या तळाशी पाणी निचरा होण्यासाठी असलेली छिद्रे बुजवलेली पाहून. दोन पावसाळ्यांत दारे आतून गंजली असती. काढण्याची मजुरी ६,५०० आणि तोडलेल्या क्लिपांचे १,१५०. एकूण ४२,८५० रुपये.

ब्यूटाइल ओळखायला फार ज्ञान लागत नाही. कोपरा ओढून पाहा: ते च्युइंगमसारखे ताणले जाते, डांबर तुटते आणि बोट काळे करते. खोकी सीलबंद आहेत तोवर मोजा आणि काम चालू असताना तिथे खुर्ची टाकून बसा. बसू देत नसतील तर किल्ली परत घ्या.

दुकानदाराने तीन वेळा "या, बघून घेऊ" म्हटले आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केला. पोलीस ठाण्यात गेलो तर दोन तास बाकावर बसवून ठेवल्यावर उत्तर मिळाले, "अहो, काम तर केलंय ना त्यानं? हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक कोर्टात जा." एक वस्तू सांगून दुसरी देणे आणि त्यावर पैसे उकळणे ही फसवणूक नसेल तर भारतीय न्याय संहितेतील कलम ३१८ कशासाठी आहे, असे मी विचारले. त्यावर मला अर्ज लिहून द्यायला सांगितले. अर्ज दिला, पोच मागितली तर साहेब आल्यावर शिक्का मिळेल म्हणाले. त्या शिक्क्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. एका मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली. एकोणीस दिवसांनी "संबंधित व्यावसायिकाकडून प्रतिसाद नाही" असा संदेश आला आणि तक्रार बंद. पक्के बिल न दिल्याबद्दल करखात्यात गेलो तर बिलाचीच प्रत मागितली. बिल दिले नाही हीच तक्रार असलेल्या माणसाकडे बिल मागतात आणि ते नसल्यामुळे अर्ज घेत नाहीत, हे मी तिथल्या तीन टेबलांवर सांगितले. एकानेही मान वर केली नाही. सुट्ट्या माझ्या गेल्या, रिक्षाचे पैसे माझे गेले आणि दुकान रोज सकाळी दहाला उघडते आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. तिथे मी तक्रार दाखल केली आहे. पैसे पाठवल्याचे पुरावे, कच्ची पावती, "२४ शीट ब्यूटाइल" असे लिहिलेला व्हॉट्सअॅपवरचा संदेश आणि पॅनेल उघडताना केलेले चित्रीकरण एवढेच माझ्या हाती आहे. तो संदेश मी फक्त भाव विसरू नये म्हणून मागितला होता. तेवढी एक गोष्ट माझ्याकडून बरोबर झाली.

आवाजाचे खरे कारण मेस्त्रींनी पॅनेल उघडण्याआधीच सांगितले होते. टायरच्या कडेवर १६१८ असे आकडे होते, म्हणजे २०१८ सालचा सोळावा आठवडा. गाडी जेमतेम ३४,००० किलोमीटर चालली असल्यामुळे नक्षी शाबूत दिसत होती, पण रबर लाकडासारखे कडक झाले होते. चार नवे टायर १९,६०० रुपयांना बसले, हवा चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर दिली आहे तेवढीच भरली, आणि झिजलेले दाराचे रबरी बीडिंग बदलले. आवाज संपलेला नाही, पण जुलैच्या फेरीत आईने यंत्र कामशेत ओलांडेपर्यंत कानात ठेवले होते.